धाकट्याच्या टोकनचं उत्तर

सिदोआर्जो,
ईद उलटून दुसरा आठवडा

आदरणीय द्विजोमामा,

तुमच्या भाचीचा नवरा सुहार्दिमान याचा लवून सलाम. तुमचा डावा कान आता कसा आहे? उजव्याचं मी विचारत नाही, कारण तो गेल्याचं तुम्हीच मागच्या भेटीत आनंदाने सांगितलं होतं. कॉफीच्या झाडांना फुलं धरली असतील. व्यायला झालेली शेळी सुखरूप सुटली असेल, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे ज्यांना खुशाल असायचं आहे ते आहेत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि मी जे लिहिणार आहे ते वुर्यानीच्या कानावर जाऊ नये अशी इच्छा आहे. (ती शेजारच्या खोलीत कोळंबीच्या पापडांची पाकिटं मोजते आहे, आणि मोजता मोजता ऐकू येतं तिला.) म्हणून हे पत्र. कारण विशेष काही नाही, खुशालीचंच आहे.

तुम्हाला आठवत असेल, सासरे हाजी सुमान्त्री गेले तेव्हा पापडांच्या कारखान्याचं काय करायचं हा प्रश्न आला होता, आणि तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात तळलेल्या टोफूची बशी पुढे ओढून निकाल दिला होता. वुर्यानी मोठी, तिने कचेरी आणि बँक बघायची. प्रियाम्बोदो धाकटा, त्याने कोळंबीची खरेदी आणि तळ्याच्या बांधावरचं वाळवण बघायचं. खात्यावर दोघांची नावं, तिसरं तुमचं. आणि बँकेकडून दोन टोकनं घ्यायची, एक ताईला, एक भावाला, म्हणजे एकाने पैसे पाठवायचे म्हटले तर दुसऱ्याने मान्य केल्याशिवाय ते हलायचे नाहीत. “एका कुलपाला दोन किल्ल्या असल्या की घर मोडत नाही,” असं तुम्ही म्हणालात, बँकेत सही केलीत आणि संध्याकाळच्या गाडीने बान्युवांगीला निघून गेलात. त्या दोन किल्ल्यांच्या मधल्या अंतरात पुढे कोणाला सायकल मारावी लागली, एवढंच या पत्रात आहे. तक्रार नाही. मी पाटबंधारे खात्यात उभी हयात काढली आहे. पाणी वरून सुटतं आणि खालच्या माणसाच्या पायात येतं, हे मला नवीन नाही.

भांडण कशावरून झालं ते तुम्हाला दोघांनीही कळवलं असेलच, पण दोघांनीही वेगवेगळं कळवलं असेल, म्हणून तिसरं सांगतो. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात सलग पाऊस लागला, बांधावरचं वाळवण भिजलं, आणि वुर्यानीने कोणाला न विचारता सुकवायची भट्टी आणली. विजेवर चालणारी, आत माणूस उभा राहील एवढी. (पहिल्या दिवशी आमचा बोका आत राहिला होता. तो बाहेर आला तेव्हा दुप्पट फुगलेला दिसत होता, पण ते केसांमुळे.) प्रियाम्बोदो आला, त्याने भट्टीतला एक पापड तळून बघितला, चावला आणि कामगारांसमोर म्हणाला, “हा पापड फुगत नाही, रुसतो. बाबा असते तर ही पेटी तळ्यात ढकलली असती.” वुर्यानी म्हणाली, “बाबा असते तर आधी तुला ढकललं असतं.” झालं. तो बांधावर निघून गेला, भट्टी आहे तोवर कचेरीत पाऊल टाकणार नाही म्हणाला, आणि त्या दिवसापासून बहीणभावांत एक शब्द नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून. पण मामा, पापडाच्या घरात फुगणं ही एवढीशी गोष्ट नसते.

आता अडचण अशी की भांडण झालं म्हणून पीठवाला थांबत नाही, लसूणवाला थांबत नाही, आणि धाकट्याच्या टोकनशिवाय पैसे जात नाहीत असं वुर्यानीने मला सांगितलं. हे टोकन म्हणजे हातात मावेल असं, शाळेतल्या गणकयंत्राच्या धाकट्या भावासारखं यंत्र. वुर्यानीच्या संगणकाच्या पडद्यावर बँक एक आकडा दाखवायची. तो आकडा ती कागदाच्या कपट्यावर लिहून मला द्यायची. मी सायकलवरून बांधावर जायचो. प्रियाम्बोदो हात पुसून, झाडाखाली बसून आधी आपला गुप्त क्रमांक दाबायचा, मग तो आकडा दाबायचा, आणि यंत्र त्यावर दुसराच एक आकडा दाखवायचं. तो कपट्याच्या मागे लिहून मी परत. फोनवर का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. वुर्यानी म्हणाली, “अहो, बँकेने बजावलंय, आकडे फोनवर कुणाला सांगायचे नाहीत. वाचता येतं ना तुम्हाला?” वाचता येतं. म्हणून सायकल.

आणि या यंत्राचं उत्तर नाशवंत असतं, मामा. ताज्या माशापेक्षा लवकर शिळं होतं. वाटेत रेल्वेचं फाटक आहे. ते लागलेलं असलं की मी तिथे घाम पुसत उभा, आणि खिशात उत्तर मरतंय. परत आल्यावर वुर्यानी पडद्याकडे बघून म्हणायची, “शिळं झालं. पुन्हा जा.” पुन्हा नवा आकडा, पुन्हा बांध. प्रियाम्बोदो म्हणायचा, “दाजी, तुम्ही आत्ताच आला होतात ना?” मी म्हणायचो, “तो मी आता शिळा झालो.” एक मात्र मला कधी कळलं नाही. उत्तर एवढं नाशवंत, पण मी धापा टाकत परतलो की वुर्यानी कपटा बाजूला ठेवून आधी विचारायची, “काय करत होता? जेवला होता का? खोकत होता?” मी म्हणायचो, “अगं, उत्तर मरतंय.” ती म्हणायची, “मरू दे. खोकत होता का?” (हिशेबात इतकी काटेकोर बाई, पण या एका बाबतीत ढिलाई. असो.)

मागच्या वर्षीच्या ईदचं सांगतो. नमाज झाल्यावर सगळे एकमेकांची माफी मागतात, तर हे दोघे आमच्या अंगणात आठ-दहा पावलांवर उभे, मध्ये मी. वुर्यानी मला म्हणाली, “त्याला सांगा, कळत-नकळत काही बोलले असेन तर माफ कर.” मी वळलो आणि सांगितलं. तो मला म्हणाला, “ताईला सांगा, केलं. तिनेही करावं.” मी वळलो. ती म्हणाली, “सांगा, केलं.” मला वाटलं, सुटलो. म्हटलं, मग आता बोला की एकमेकांशी. तर प्रियाम्बोदो म्हणतो, “दाजी, माफ केलं म्हणून बोलायलाच पाहिजे असं कुठे आहे?” आणि पलीकडून वुर्यानीने मान डोलावली. माझ्या आठवणीत दोघांचं एकमत झालेला तो एकच मुद्दा.

मध्ये एकदा धाकट्याचं टोकन बिघडलं. दाबलं की पडदा कोरा. दोघांनी एकत्र बँकेत जाणं शक्य नव्हतं, म्हणून दोन्ही टोकनं माझ्या शर्टाच्या खिशात घालून मी गेलो. तिथे फेब्रियानी नावाची मुलगी आहे, चेहरा हसरा आणि जीभ वस्तऱ्याची. दोन्ही टोकनं एकाच खिशातून निघालेली बघून ती म्हणाली, “काका, ज्यांनी दोन किल्ल्या मागून घेतल्या तेच तुम्ही ना?” मी म्हटलं, मी नव्हे, बान्युवांगीचे मामा. मग तिने सेल संपल्याचं सांगितलं, धाकट्याला नवं यंत्र लागेल म्हणाली, आणि मी खात्यातला जुना माणूस असल्यामुळे विचारलं की हे आकडे यंत्राला कळवतं कोण? मी समजत होतो की बँकेच्या गच्चीवरून काही लाटा सोडत असतील. (प्रियाम्बोदो तर आभाळ आलं की टोकन उंच धरून बसायचा.) ती म्हणाली, “कोणीच कळवत नाही. याला तार नाही, सिम नाही, हे कोणाशी बोलतच नाही. बनवलं तेव्हा याच्या पोटात एक लांबलचक गुपित आकडा घातला, तोच आकडा बँकेने आपल्याकडे ठेवला. आत एक घड्याळ आहे. तुम्ही विचारलेला आकडा, आतलं गुपित आणि घड्याळातली वेळ, हे तिन्ही एकत्र दळून ते उत्तर काढतं. बँकही आपल्या जागी बसून तेच दळण दळते. दोन्ही पिठं सारखी निघाली की दार उघडतं. घड्याळ पुढे सरकलं की जुनं पीठ वाया.” मी विचारलं, मग उत्तरं साठवून कोणी चोर आतलं गुपित ओळखणार नाही का? मी तिच्यासाठी नेलेलं पापडाचं पाकीट काचेवर होतं, त्यातल्या एका पापडाकडे तिने बोट केलं. “यातून तुम्हाला कोळंबी परत काढता येईल?” मग तिने एक बजावलं, ते मी घरी येऊन दोघांनाही वेगवेगळं सांगितलं: “हे यंत्र मूर्ख आहे, काका. त्याला कोणताही आकडा द्या, ते इमानाने उत्तर देणार. विचारणारा खरा की खोटा, हे त्याला कळत नाही. ते माणसाने बघायचं.”

घरी मी असंही म्हणून बघितलं, की बघा, दोन यंत्रं एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत, तरी जन्मताना पोटात एकच गोष्ट घातलेली म्हणून दोघांचं उत्तर एकच येतं. वुर्यानी म्हणाली, “जेवण वाढू का?” प्रियाम्बोदोला हेच बांधावर सांगितलं, तो म्हणाला, “दाजी, ऊन लागलंय तुम्हाला.”

यंदा रमजान संपत आला तेव्हाची गोष्ट. कामगारांचा ईदचा बोनस खात्यात जमवून ठेवलेला होता, सगळ्यांचा, वर्षभर त्यावर डोळे लावून बसलेल्या बायकांचा. सकाळी मी नेहमीचा कपटा घेऊन निघालो आणि माझ्या पाठीमागे वुर्यानीला फोन आला. बँकेतून बोलतेय म्हणून एक बाई. आवाज असा, की मध ओतावा. “बाईसाहेब, ईदच्या आधी सगळी टोकनं नवी करून घ्यायची आहेत, नाहीतर सुट्टीत खातं बंद राहील. मी आकडा सांगते, तो दाबा आणि उत्तर मला वाचून दाखवा.” आणि जी बाई मला रोज बजावायची की आकडे फोनवर सांगायचे नसतात, ज्या नियमापायी माझ्या पोटऱ्या दगड झाल्या, तिने दाबले आणि वाचून दाखवले. (का, ते मी विचारलं नाही. तिला आजवर बाईसाहेब कोणी म्हटलेलं नाही, एवढं नोंदवतो.) त्या बाईने आमचा सगळा बोनस कुठल्याशा अनोळखी खात्याकडे पाठवायला लावला, आणि बँकेच्या पडद्याने तिला विचारलं, धाकट्याच्या टोकनचं उत्तर?

तोवर मी बांधावर पोचलो होतो. प्रियाम्बोदो झाडाखाली फोन कानाला लावून बसलेला, एका हातात टोकन. मला हातानेच थांब म्हणाला. त्याने आकडा दाबला, उत्तर पडद्यावर उमटलंसुद्धा. मला ते दिसत होतं. त्याला कोणीतरी आकडा द्यावा आणि त्याने उत्तर वाचून दाखवावं, ही सवय त्याला माझ्यामुळेच लागलेली, त्यामुळे तोंड उघडलेलंच होतं. तेवढ्यात पलीकडची बाई, घाई करावी म्हणून, साखर जास्त पडली म्हणा, म्हणाली, “तुमच्या ताईंचा खास निरोप आहे. म्हणाल्या, माझ्या लाडक्या भावाला सांगा, तो गुणाचा आहे, माझं सगळं ऐकतो.”

प्रियाम्बोदोने तोंड मिटलं. त्याने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं, जसा तो बुळबुळीत झालेल्या कोळंबीकडे बघतो. मग परत कानाला लावून म्हणाला, “कोण म्हणालं?”

“तुमच्या ताई, साहेब. फार प्रेमाने बोलत होत्या.”

“माझी ताई?” तो म्हणाला. “बाई, तुम्ही चोर आहात.” आणि त्याने फोन ठेवला, आणि दीड वर्षानंतर पहिल्यांदा बहिणीला लावला. मी शेजारीच असल्यामुळे तो इतिहास माझ्या समोर घडला. तो नमस्कार, सलाम काही न करता ओरडला, “तू मला लाडका म्हणालीस का?”

पलीकडून वुर्यानीचा आवाज एवढा मोठा आला की बांधावरचे बगळे उडाले. “मी? वेड लागलंय का तुला?”

“गुणाचा म्हणालीस का?”

“मेले तरी म्हणणार नाही!”

“मग बरोबर. खातं बंद कर! आत्ता! तुझ्याकडून कोणी आकडे काढून घेतलेत!”

पुढचं धावपळीचं. वुर्यानी कारखान्यातून निघाली, हा बांधावरून माझी सायकल घेऊन निघाला (मी चालत), आणि दोघे बँकेच्या दारात एकाच वेळी पोचले, हे मला फेब्रियानीने नंतर सांगितलं. पैसे जागेवर होते. दुसरं उत्तर न मिळाल्यामुळे ते हललेच नव्हते. खातं गोठवलं, दोन्ही टोकनं रद्द केली, नवी दिली. मी पोचलो तेव्हा दोघे बाकावर शेजारी शेजारी बसलेले, मध्ये माझ्यासाठी जागाच नाही. वुर्यानी रडत होती आणि शिव्या देत होती. “मी वाचून दाखवलं रे. मीच वाचून दाखवलं. त्या बायकांना काय तोंड दाखवलं असतं मी?” प्रियाम्बोदो म्हणाला, “मीही वाचणार होतो, ताई. तोंड उघडलं होतं.” तिने डोळे पुसले आणि विचारलं, “खोकला कसा आहे?”

फेब्रियानीने दम भरला, की यापुढे धाकट्याचं उत्तर धाकट्यानेच कचेरीत येऊन स्वतःच्या हाताने टाकायचं. कपटे बंद, दाजी बंद. तेव्हापासून तो रोज सकाळी येतो. भट्टीला वळसा घालून, तिच्याकडे पाठ करून बसतो. कॉफी होते, टोकन दाबलं जातं, आणि मग दोघे दुपारपर्यंत भांडतात, थेट, मला न वापरता. बोनस वेळेवर वाटला गेला. भट्टीतल्या पापडाला अर्ध्या दिवसाचं ऊन आधी द्यायचं, असं काहीतरी तडजोडीचं चाललं आहे. माझ्याशी मात्र दोघांपैकी कोणीच बोलत नाही, कारण आता गरज नाही. मी अंगणात बसून असतो. शांतता चांगली असते, असं लोक म्हणतात.

शेळीची काळजी घ्या. मामींना सलाम. कानात तेल घालू नका, डॉक्टर नको म्हणतात.

तुमचा आज्ञाधारक,
सुहार्दिमान

ता.क. एक बारीकशी गोष्ट राहिली. फेब्रियानी म्हणते, बँक आता सगळी टोकनं परत घेणार आणि ते दळण प्रत्येकाच्या फोनमध्येच बसवणार. म्हणजे प्रियाम्बोदो बांधावर बसल्या बसल्या अंगठ्याने मान्य करील आणि कचेरीत यायचं त्याला कारण उरणार नाही. यासाठी खात्यावरच्या तिघांचीही संमती लागते, म्हणून तुम्हाला बँकेतून फोन येईल. कृपा करून नाही म्हणा. फोन खरा असेल तरी नाही म्हणा, आणि चोराचा असेल तरी नाहीच म्हणा. दोन्हीकडे एकच उत्तर चालतं, त्यामुळे ऐकू आलं नाही तरी हरकत नाही.

दुसरा ता.क., वुर्यानीच्या हातचा. मामा, यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता लिहायला त्यांनी मलाच दिलं, आणि पाकीट उघडंच होतं. बँकेला हो म्हणा की नाही, तुमची मर्जी. दोन टोकनं फक्त मोठ्या रकमांना लागतात. पीठ, लसूण, लाकूड, रोजचं सगळं माझ्या एकटीच्या टोकनवर जातं, खातं उघडलं त्या दिवशीच सांगितलं होतं बँकेने. (तुम्हीही होतात, पण तुम्हाला ऐकू आलं नसेल.) वर्षातून चार-सहा वेळा सोडलं तर कपट्यावरचे आकडे मी मनानेच लिहून द्यायचे. यंत्र काय, कोणत्याही आकड्याला उत्तर देतं. हल्लीही रोज सकाळी तो येतो तेव्हा मी पडदा जरा माझ्याकडे वळवून ठेवते, म्हणजे बँकेने त्याचं उत्तर मागितलेलंच नाही हे त्याला दिसत नाही. टोकन फोनमध्ये गेलं तर त्याला बोलवायला दुसरं काहीतरी काढीन. यांना यातलं काही कळवू नका. डॉक्टरांनी रोज सायकल चालवायला सांगितली होती, ऐकत नव्हते.